साडेचार इंची भिंत

"भिंतीतलेच स्पीकर," प्रेमराज म्हणाला. "दिसायला काही नको, नुसता चारी बाजूंनी आवाज."

"पेटीवाले घ्या, उचलून कुठंही ठेवता येतात," त्याची बायको दीपमाला म्हणाली. "त्या भिंतीला तेवढा हात नका लावू."

भिंतीपलीकडे प्रेमराजचा थोरला भाऊ पुना राहायचा. अमळनेरच्या या घराची वाटणी झाल्यापासून दोन वर्षं भावाभावांत शब्द नव्हता. जावांनीही मग तोंडं मिटली. तरी दुपारी पलीकडे इंदिराबाई भाकरी थापताना गुणगुणू लागली, की दीपमाला मेथी निवडायला नेमकी त्याच भिंतीला टेकून बसे.

नूर महंमद मिस्त्रीने भिंतीवर टिचकी मारली. "भाऊ, स्पीकरला चार इंच खोल जागा लागते. भिंत किती?"

"नऊ इंची. डोळे झाकून कापा."

कटर घरघरला, विटेचा लाल धुरळा उडाला आणि एकाएकी खोलीत लसणाच्या फोडणीचा वास शिरला. तेव्हा कुठं प्रेमराजला आठवलं. वाटणीत दोघांनाही आपली वीतभर जागा भिंतीत घालवायची नव्हती, म्हणून भिंत साडेचार इंचीच उठली होती.

भोकात इंदिराबाईचं धुळीने माखलेलं तोंड उगवलं.

"भाऊ, काय करी राहिनात?"

"वहिनी... स्पीकर."

"मनी भाजीमा ईट पडनी ना!" आणि मग बघतच राहिली. "तुमना केस पिकनात हो."

प्रेमराजचा हात आपसूक डोक्यावरून फिरला. दीपमालाने आपल्या भाजीची वाटी भोकातून पलीकडे सरकवली. पलीकडून लोणचं आलं. इकडून पापड गेले. मग दोघी अशा बोलायला लागल्या, की स्पीकर हातात धरून नूर महंमद तासभर आपल्या पाळीची वाट बघत उभा.

संध्याकाळी दारात पुना. वाटणीच्या वेळी एका खुंटीसाठी पंच बसवणारा माणूस हा!

पुनाने चपला काढल्या, आत येऊन भोकात हात घातला, बोटांनी कडा चाचपल्या.

"कोनी फोडी?"

"मी, नाना."

पुना मिस्त्रीकडे वळला.

"मिस्त्री, याले पेटीवाला स्पीकर दे."

"हो नाना," नूर महंमदने सिमेंटचं घमेलं ओढलं. "हे आत्ताच बुजवतो."

"बुजस कशाले?" पुना खेकसला. "जरा रुंद कर. ताट जात नही यामाईन."