ताशी पंचवीस

दादांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली तेव्हा ग्रंथपालांना 'नको' म्हणता आलं असतं. त्यासाठी त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण दादा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, जहाजावरचे इंजिनिअर, आणि अठरा वर्षांत त्यांनी या मेव्हण्यावर पहिल्यांदाच काहीतरी सोपवलं होतं. लग्न ठरलं तेव्हा दादांनी एकच प्रश्न विचारला होता, "गाडी चालवता?" ग्रंथपालांनी खरं ते सांगून टाकलं, "येते, पण शक्यतो टाळतो." तेव्हापासून दादा भेटले की फक्त "तब्येत काय म्हणते?" एवढंच विचारायचे, तेही आजाऱ्याला विचारावं तसं.

"आठ महिने जहाजावर आहे," दादा म्हणाले. "गाडी इथे शेडमध्ये राहू दे. आणि भाऊजी, नुसती ठेवू नका. पळवा तिला. जोरात पळवा. या जातीच्या इंजिनाला त्यानेच बरं वाटतं."

ग्रंथपाल हसले. (पाहुण्याला 'घर आपलंच समजा' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार असणार, असं त्यांनी धरलं.) गाडी लाल होती, बुटकी होती आणि उभी असतानाही कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी दिसायची.

आता ग्रंथपालांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. तीस वर्षं त्यांनी वाचनालयात ओठांवर बोट ठेवून काढली होती. वाचकांनी त्यांचं नावच 'शूऽऽसाहेब' ठेवलं होतं. त्यांच्या मते सगळ्यात चांगलं पुस्तक म्हणजे जे अजून कुणी घरी नेलेलं नाही. पानं कोरी, कोपरे शाबूत, चहाचा एक डाग नाही. वस्तू जितकी कमी वापरावी तितकी ती जास्त टिकते, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. तोच नियम त्यांनी गाडीला लावला.

दर रविवारी सकाळी ते गाडी बाहेर काढायचे. घरापासून दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत आणि परत, ताशी पंचवीसने. सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे. चार मिनिटांत गाडी शेडमध्ये, मग दोन तास पुसापुशी. तळहातावरच्या फोडासारखं जपलं त्यांनी तिला.

सहाव्या रविवारी गाडी खोकली. पुढच्या रविवारी थरथरली आणि मीटरच्या कोपऱ्यात पिवळा दिवा लागला. ग्रंथपालांच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी तशीच गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने इंजिनातून एक प्लग काढून त्यांच्या नाकासमोर धरला. तो काजळीने काळाकुट्ट झाला होता.

"कुठवर नेता गाडी?" मिस्त्रीने विचारलं.

"दवाखान्यापर्यंत."

"कुणी आजारी आहे?"

"नाही, तिथून वळतो."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, इंजिन नीट तापायच्या आत तुम्ही ते बंद करता. आत काजळी धरते, तेलात पाणी साचतं. गुदमरलीय बिचारी. औषध एकच. आधी दहा-पंधरा मिनिटं हळू चालवून चांगली तापू द्या. थंड इंजिन ताणलंत तर परत माझ्याकडे येऊ नका. तापली की मोठ्या रस्त्यावर अर्धा तास मोकळी सोडा. जिथे परवानगी आहे तिथे, पण मनापासून. आठवड्यातून एकदा."

"इंजिन झिजणार नाही?"

"उभं राहून जास्त खराब होतं."

हे ऐकून ग्रंथपालांना वाटलं, उद्या हा म्हणेल की पुस्तकं वाचल्याने सुधारतात.

तरी दादांसाठी ते मोठ्या रस्त्याला लागले. काटा साठवर गेला तेव्हा त्यांनी स्टिअरिंग आवळून धरलं. पासष्टला इंजिनाने असा काही आवाज काढला की सवयीने त्यांचं बोट ओठांवर गेलं. एका हाताने गाडी सांभाळत त्यांनी पुढच्याच वळणावर माघार घेतली. घरी येऊन बायकोला सांगितलं, "पळवली! चांगली पळवली!" बायको शाळेत गणित शिकवायची. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि "बरं झालं" म्हणून आत गेली.

पिवळा दिवा डोळ्यांत खुपायला लागला म्हणून ग्रंथपालांनी मीटरवर एक मऊ फडकं टाकलं. (ताशी पंचवीसला मीटर बघायची गरजच काय?) दर रविवारी ते फडक्याचा तेवढा एक कोपरा उचलून दिवा बघायचे. आणि काय आश्चर्य! तिसऱ्या रविवारी दिवा विझला होता. खोकला गेला, थरथर गेली. पूर्वी गाडी निघताना कुरकुर करायची, ती आता किल्ली फिरवताच एकदम गुरगुरायला लागली. दिव्याशेजारीच पेट्रोलचा काटा होता, तो कायम वरच.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "हळू चालवलं की पेट्रोल संपतच नाही!"

"कमाल आहे," बायको म्हणाली.

बायकोतही फरक पडला होता. तिचं जुनं डोकं दुखणं थांबलं होतं. बुधवारी तिची शाळा अर्धा दिवस, आणि त्या दिवशी ग्रंथपाल घरी यायचे तेव्हा ती गुणगुणत असायची. आपण खिडकीला निळे पडदे लावले त्याचा हा परिणाम, असं त्यांनी ठरवलं. गाडी पुसताना पुढच्या बाजूला मेलेले किडे फार सापडायचे, म्हणून शेडमध्ये त्यांनी दोनदा औषधही मारलं.

यशाने माणूस बोलका होतो. आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प करणारे ग्रंथपाल आता वाचनालयात इंजिनावर बोलायला लागले. "जोरात चालवा म्हणणारे अडाणी आहेत. इंजिनाला माया हवी." वाचनालयाच्या अध्यक्षांकडेही तसलीच एक चपळ गाडी होती. त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं, पद्धत कागदावर लिहून घेतली आणि त्या दिवसापासून गाडी फक्त रविवारी, चार मिनिटं, ताशी पंचवीसने काढायला लागले.

आठ महिने झाले, दादा परतले. गाडी ताब्यात घेण्याआधी मिस्त्रीकडून तपासून घ्यायची म्हणून दादा, बायको आणि ग्रंथपाल असे तिघं गॅरेजवर गेले. तिथे अध्यक्ष आधीच उभे होते. त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि चेहरा पडलेला होता.

मिस्त्रीने अध्यक्षांच्या गाडीचा प्लग बाहेर काढला. काळाकुट्ट. मग लाल गाडीचा काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. लाल गाडीचा प्लग कोरडा, स्वच्छ, भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा.

"हे बघा," मिस्त्री दादांना म्हणाला. "ही गाडी जाणकार माणसाने चालवलीय. तापवून, मग मोकळी सोडून. दर आठवड्याला. इंजिन पहिल्यापेक्षा खुललंय."

"अहो, पण मी यांच्याच पद्धतीने चालवली!" अध्यक्ष ओरडले. "मग माझीच कशी बंद पडली?"

त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दादांनी पुढे होऊन ग्रंथपालांना घट्ट मिठी मारली. "भाऊजी, अठरा वर्षं चुकलो मी तुमच्याबाबतीत. पुढच्या सफरीलाही गाडी तुमच्याकडेच."

ग्रंथपालांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. या एका वाक्यासाठी ते अठरा वर्षं थांबले होते. आनंदाच्या भरात दादांना काटे दाखवावेत म्हणून त्यांनी गाडीत वाकून मीटरवरचं फडकं पहिल्यांदाच पूर्ण उचललं. किलोमीटरचा आकडा त्यांनी दोनदा वाचला. दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंतच्या फेऱ्यांनी आठ महिन्यांत शंभर किलोमीटरही भरले नसते. गाडी तीन हजार धावली होती.

बुधवार. गुणगुणणं. किडे. कधीच न संपणारं पेट्रोल.

त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. ती गॅरेजच्या छताकडे बघत होती, आणि दादांना दिसणार नाही अशा बेताने मान हलवत होती. काही बोलू नका, असं ती सांगत होती.

 ही बाई मोठ्या रस्त्यावर सुसाट गाडी पळवून आली, घरी आल्यावर 'कमाल आहे' म्हणाली, आणि आता सगळं श्रेय त्यांच्या खिशात घालून गप्प उभी होती. नुसतं गप्प राहिलं असतं तर दादांची ती मिठी त्यांची कायमची झाली असती. पण एवढ्या चांगल्या बायकोसमोर एवढं खोटं पेलणं त्यांना जमेना.

"दादा, मी नाही," ते म्हणाले. "मी फक्त दवाखान्यापर्यंत जायचो. गाडी हिने चालवली. हिने वाचवली."

 मग दादा मोठमोठ्याने हसायला लागले. "अहो, ते माहीत आहे मला! निघतानाच या चिमीला दुसरी किल्ली देऊन ठेवली होती. तिला मीच तर शिकवलंय. तुम्ही कबूल करता की नाही, तेवढंच बघायचं होतं. आता मात्र खरंच मानलं तुम्हाला."

"दुसरी किल्ली?" ग्रंथपाल म्हणाले. "मग माझ्याकडे गाडी सोपवली कशाला?"

"पुसायला. चिमीला पुसायचा भारी कंटाळा."

अध्यक्षांनी खिशातून पद्धतीचा कागद काढला आणि चार तुकडे करून मिस्त्रीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

दादांनी बहिणीला गाडी तिच्याकडेच ठेवायला सांगितलं आणि ते मिस्त्रीशी गप्पा मारत मागे राहिले. परतताना बायको चालवायला बसली, ग्रंथपाल शेजारी. पहिली दहा-पंधरा मिनिटं ती हळू चालवत होती.

"तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. "मी पळवली नाही ते?"

"वायपरखाली एक वाळकं पान अडकलं होतं. तुम्ही पळवून आणलीत, तरी ते तिथंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"रविवारी गाडीतून उतरताना केवढे खूश असायचात तुम्ही. आणि सांगितलं असतं तर बुधवारी शेजारी येऊन बसला असतात."

हे खरंच होतं. इतकी वर्षं आपण हिलाही ताशी पंचवीसनेच चालवत होतो, आणि हिने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. "फार उपकार आहेत तुझे," ते म्हणाले, आणि ते त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. बायकोने त्यांच्या हातावर थोपटलं. मग म्हणाली, "तापली. धरून बसा."

मोठा रस्ता मोकळा होता. गाडीने असा काही श्वास घेतला आणि अशी काही निघाली की ग्रंथपालांची पाठ सीटला चिकटली. आधी भीती वाटली. मग भीतीच्या मागून काहीतरी वेगळंच वर आलं. तीस वर्षं ओठांआड दाबलेलं ते सगळं एकदम बाहेर पडलं आणि ग्रंथपाल लहान मुलासारखे बेंबीच्या देठापासून ओरडले, "हुर्रेऽऽ!"

बायकोने रस्त्यावरची नजर न काढता डाव्या हाताचं एक बोट ओठांवर ठेवलं.

"शूऽऽ! इंजिन ऐकू दे."