सुभेदारांची ओटी

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाईंचा तासगावहून, लेकीच्या सासरहून फोन आला, तेव्हा सुभेदार लालासाहेब जगताप साताऱ्यातल्या आपल्या कॉलनीच्या परसबागेत गलांड्याला पाणी घालत होते.

"आवं, न्हाणीच्या मागच्या भिंतीवर गवरी हाय बघा," लीलाबाई म्हणाल्या. "ती काढून रातभर भिजत घाला. सकाळी बी येचून घ्या. पाडव्याच्या आत दोडका जमिनीत गेला पायजे. मला काय यायला जमायचं न्हाई, इथं बेदाण्याचा हंगाम हाय आन् प्रियाच्या सासूचा पाय प्लास्टरात."

सुभेदार "बरं" म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. मग हातातला पाइप तसाच धरून ते गलांड्याकडे बघत उभे राहिले. वाफा भरला, पाणी वाटेवर आलं, शेजारच्या वाफ्यातल्या मौलाच्या चपला तरंगायला लागल्या, तरी सुभेदार हलले नाहीत.

ती गवरी आदल्या संध्याकाळी होळीत गेली होती, आणि तीही त्यांच्याच हातून.

सोसायटीच्या मोकळ्या जागेत दोरी मारून घरटी एकेक वाफा वाटून द्यायची कल्पना सुभेदारांचीच. परसबागेचे अध्यक्ष तेच. होळीचं काय करायचं हेही मग त्यांनीच ठरवलं. कुणाची लाकडं चोरायची नाहीत, घरटी पाच गवऱ्या रांगेत येऊन द्यायच्या. ऐन वेळी त्यांच्याच पिशवीतली एक गवरी भुगा होऊन निघाली. नियम करणाऱ्यानंच कमी गवऱ्या द्यायच्या म्हणजे शोभा झाली असती. सुभेदारांनी घरामागं जाऊन भिंतीवर दिसली ती गवरी उचकटली आणि ताठ मानेनं होळीत टाकली. ती पेटल्यावर फटाफट वाजायला लागली. "सुभेदार, तुमची गवरी लय वाजतीया!" कुणीतरी म्हणालं. "फौजी माणसाची गवरी हाय. वाजणारच," सुभेदार म्हणाले होते. सगळी कॉलनी बोंब मारत होती, सुभेदार तेवढे शिस्तीत उभे होते. त्यांच्यावर बोंब मारायची पाळी एक दिवस उशिरा आली.

शेणात थापून ठेवलेलं ते बी लीलाबाईंच्या आईचं होतं. आई गेल्यावर जमीन भावाच्या नावावर करून द्यायला लीलाबाई पलूसला गेल्या, रीतीप्रमाणं सही केली, साडीचोळी घेतली आणि निघताना आईच्या परड्यातल्या भिंतीवरची एक गवरी तेवढी सोडवून आणली. माहेरचं म्हणून त्यांच्यापाशी तेवढंच. सुभेदारांची उभी नोकरी सरहद्दीवर गेली. दोडके लागायचे तेव्हा ते कुठल्यातरी बर्फात असायचे. पेन्शनीत घरी आल्यावर मात्र त्यांनी सगळी कसर भरून काढली. "बाजारातला दोडका म्हंजे भिजलेला पुठ्ठा," असं ते येईल त्याला ऐकवत. "चव बघायची तर आमच्या सासूबाईंचा दोडका खावा."

"सुभेदार, पाणी बंद करा, माझ्या चपला निघाल्या," मौला म्हणाला.

मौला मुल्ला एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला. शेजारचा वाफा त्याचा. सुभेदारांनी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मौलानं दाढी खाजवली.

"त्यात काय? कृषी केंद्रात दोडक्याचं पाकीट मिळतंय. लावून टाका. वैनीस्नी काय कळतंय?"

"तिला? आरं, नुसत्या पानाच्या वासावरनं वळखंल ती!" सुभेदार कडाडले. "तिच्या आईचा दोडका हाय त्यो. जिभंवर ठेवला की कळतंय. मलासुदीक कळतंय!"

तरीही दुपारी ते कृषी केंद्रात जाऊन आलेच. काउंटरवरच्या पाकिटावर हातभर लांब, सरळसोट, चकचकीत दोडक्याचं चित्र होतं. ते बघूनच त्यांना कसंसं झालं आणि ते गवारीचं बी घेऊन परतले. पण वाटेत मौलाची बायको शमशाद भेटली, आणि शमशाद लीलाबाईंशी रोज फोनवर बोलत असे.

रात्री जेवताना फोन वाजला. "दुकानात कशाला गेला हुता?" लीलाबाईंचा आवाज भलताच धारदार होता. "दुकानदार काय बोलला का?"

"त्यो काय बोलणार? गवारीचं बी आणलं."

"आन् दोडका?"

"लावला की," सुभेदार म्हणून गेले. हयातीत त्यांनी वरिष्ठांना कधी खोटा रिपोर्ट दिला नव्हता. हा पहिलाच.

एकदा लावला म्हटल्यावर तो उगवणं भाग होतं. पुढच्या आठवड्यात लेक प्रियदर्शनीनं व्हिडिओ कॉल लावला आणि पडद्यावर लीलाबाईंचं कपाळ आणि अर्धा डोळा दिसायला लागला. "वाफा दावा बघू!"

गलांड्याची कड सोडली तर सुभेदारांचा वाफा तळहातासारखा स्वच्छ होता. सुभेदारांनी फोन हळूच दोरीपलीकडं धरला. तिथं मौलानं होळीआधी टोकलेली काकडी दोन दोन पाती पसरून छान वर आली होती. काकडी काय, दोडका काय, बाळपणी सगळ्यांची तोंडं सारखीच.

"इतक्यात उगवलं?"

"ऊन लय हाय औंदा."

"मांडव घाला आता. आन् वाफ्याच्या कडंला झेंडू लावा, कीड येत न्हाई. प्रिया, फोटू काढून ठिव गं. पुढच्या आठवड्यात परत बघू, किती वाढतंय ते."

फोन ठेवल्यावर मौला म्हणाला, "आता खरं पान फुटलं की बोंबला. काकडीचं पान काय दोडक्यागत दिसत न्हाई."

"मग तवर तुझी रोपं माझ्या वाफ्यात लाव. ती परत बघंल तवा वाफा आपला दिसायला नको?"

"आन् माझ्या काकडीचं काय?"

"कोथिंबिरीला बी सलाड म्हणत्यात. ती खा."

मौलानं मान हलवली. "सुभेदार, माझी काकडी सोडवायची तर आपुनच पलूसला जायाला पायजे. माहेर तिथं हाय तर बी बी तिथंच असंल."

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं निघाले. मौला वाटभर गाडीच्या गिअरबॉक्सचा आवाज ऐकून हळहळत होता. सुभेदार खिडकीबाहेर बघत होते. पलूस जवळ आलं तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस लागला. सुभेदारांच्या मेव्हण्याच्या, सयाजीच्या दारातसुद्धा ऊस उंबऱ्यापर्यंत आला होता.

न सांगता आलेले दाजी, चेहरा गंभीर, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि सोबत एक अनोळखी माणूस, हे बघून सयाजी धसकला. त्यानं चहा टाकायला सांगितला आणि समोर उकिडवा बसला.

"आक्का आली न्हाई?"

"तिला ठावं न्हाई आमी आलोय ते," सुभेदार खालच्या आवाजात म्हणाले. "सयाजी, सरळच इचारतो. सासूबाईंचं म्हणून काय शिल्लक हाय का तुझ्याकडं? तिचा बी हक्क हाय त्याच्यावर."

 सयाजीनं मौलाकडं बघितलं. हा वकील असावा की साक्षीदार, याचा अंदाज येईना.

"दाजी, आक्कानं सोताच्या खुशीनं सही दिल्याली. सगळ्यांच्या देखत. आता इतक्या वर्सांनी..."

"सही जमिनीची झाली. दोडक्याची कुठं झाली?"

"कशाची?"

"दोडक्याची!" आणि सुभेदारांनी होळीपासून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता सयाजीचा चेहरा असा काही उजळला, की आत हाक देऊन त्यानं चहाऐवजी जेवणच सांगितलं. पण बी त्याच्याकडं नव्हतं. "आमी ऊस सोडून काय लावतच न्हाई, दाजी. कोथमीरसुदीक बाजारातनं येती. मनुबाईकडं असंल तर असंल. आयची लय सोबतीण ती. चला."

मनुबाईंचं घर गावाच्या टोकाला होतं. गोठ्याच्या पत्र्यावर वाळका वेल पसरलेला आणि भिंतीवर गवऱ्या थापलेल्या. सुभेदारांनी त्या गवऱ्यांकडं बघितलं आणि त्यांना गलबलून आलं. कपाळभर कुंकू लावलेल्या मनुबाई पायरीवर लसूण सोलत होत्या. पाठ पार वाकली होती, पण कान तिखट. सयाजीनं दोडक्याचं बी मागितलं तशी त्यांनी मान वर केली.

"लीलीकडं हुतं की बी. त्याचं काय झालं?"

"होळीत गेलं, मावशी."

"कुणी घातलं?"

"मी."

मनुबाईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "पुरुषाच्या हातनं आणखी काय हुणार! बी हाय. पर पुरुषाच्या हातात मी देत न्हाई. माझ्या सासूनं दिलं न्हाई, लीलीच्या आयनं दिलं न्हाई. बी बाईच्या वटीत घालायचं असतंय. लीलीला धाडून दे."

"ती आली तर कळंल की तिला!" सुभेदार काकुळतीला आले. "मावशी, जमिनीतलं तिनं काय घेतलं न्हाई. माहेरचं म्हणून ह्येवढंच हुतं तिच्याजवळ, आन् ते मी माझ्या हातानं जाळलं. मोकळ्या हातानं कसा जाऊ?"

मनुबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या आणि पाट आणि ओटीचं ताट घेऊन आल्या. "बस. लीलीच्या नावानं वटी पसर."

सुभेदारांनी एकवार सयाजीकडं बघितलं. सयाजी उसाकडं बघायला लागला. मग सुभेदार पूर्वेकडं तोंड करून पाटावर बसले. इस्त्रीच्या शर्टाचा सोगा त्यांनी पुढं पसरला. पोट आड येत होतं म्हणून एक टोक मौलानं धरलं. मनुबाईंनी कुंकवाचा करंडा पुढं केला, बोट कपाळापर्यंत नेलं, जरा अडखळल्या आणि उभा टिळा लावला. आधी तांदूळ, मग खण, मग नारळ आणि शेवटी गवरी फोडून काढलेल्या काळ्या बिया ओंजळीनं त्यांच्या ओटीत पडल्या. कुणी हसलं नाही. मौलानं तर डोक्यावर रुमाल टाकला होता.

"सुखानं ऱ्हावा," मनुबाई म्हणाल्या. सुभेदार वाकून त्यांच्या पाया पडले, आणि नारळ गडगडत गोठ्यात गेला.

बी रुजलं. खरी पानं फुटायच्या आत काकडी मौलाच्या वाफ्यात परत गेली, मांडव उभा राहिला, कडेनं झेंडू लागला. पाडवा झाल्यावर लीलाबाई आल्या. आल्या आल्या परसबागेत जाऊन त्यांनी वेलाचं पान चुरगळून नाकाशी नेलं.   "पाणी जरा जादा हुतंय," एवढंच म्हणाल्या. सुभेदारांना वाटलं, सुटलो.

वैशाखात दोडके लागले. आखूड, जाडसर, देठाशी वाकडे. सुभेदारांच्या दृष्टीनं दोडका तो दोडका. एका संध्याकाळी लीलाबाई भाजी तोडायला गेल्या त्या दिवेलागण झाली तरी परतल्या नाहीत, म्हणून सुभेदार बघायला गेले. वेलावर पिवळी फुलं उमलली होती. मांडवाखाली लीलाबाई मातीतच बसल्या होत्या. मांडीवर मोडलेला दोडका होता आणि डोळ्यांना धार लागली होती.

"हे बी कुठनं आणलं?"

सुभेदार सावधानमध्ये उभे राहिले. "माझी चूक झाली. तुझी गवरी मी होळीत घातली. पर हे दुसरंतिसरं न्हाई, लीला. मनुबाईकडनं आणलंय. तुझ्या आईचंच हाय, शप्पत."

"ते कळलं मला. म्हणून तर इचारती." लीलाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "आईचा दोडका असाच हुता. वाकडा. मोडला की असाच वास यायचा."

"म्हंजे? आपला न्हवता व्हय असा?"

 लीलाबाई मांडीवरच्या दोडक्याकडं बघत म्हणाल्या, "आपण साताऱ्याला राह्याला आलो, त्या पावसाळ्यात भिंत वलली. गवरीला बुरशी लागली. एक दाना उगवला न्हाई. मी लय रडली. कुणाला सांगू? तुमी नुकतंच घरी आलेलं, आईच्या दोडक्याचं नाव काढत हुता. मग दुकानातनं पाकीट आणलं आन् शेणात थापलं. दरसाल त्येच करती."

सुभेदार तिथंच मातीत बसले. "मग मी इतकी वर्सं...?"

"बाजारातला खात हुता."

 सुभेदारांच्या डोळ्यांपुढून ज्यांना ज्यांना त्यांनी दोडक्याची चव समजावून सांगितली होती ती सगळी माणसं रांगेनं गेली.

"मनुबाई तर पुरुषाला बी देत न्हाई," लीलाबाईंना एकदम आठवलं. "तुमाला कसं दिलं?"

"वटीत घातलं."

"कुणाच्या?"

सुभेदारांनी शर्टाचा सोगा सारखा केला. त्यांच्या शर्टाकडं बघता बघता लीलाबाईंच्या लक्षात आलं. डोळ्यांतलं पाणी तसंच असताना त्या हसायला लागल्या, पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. मग त्यांनी सुभेदारांचा हात धरला. "सही करून आली त्या दिवशी माझी वटी भरायचं कुणाच्या ध्यानात आलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "तुमी भरून आणलीसा."

तेवढ्यात दोरीपलीकडून शमशादची हाक आली. कालच तिला वाटीभर भाजी दिली होती.

"वैनी, रागवू नगासा, पर औंदाच्या दोडक्याला काय झालं? गेल्या वर्सी कसा लांब, सरळ, गोड लागायचा!"

लीलाबाईंनी सुभेदारांकडं बघितलं. सुभेदारांनी घसा साफ केला.

"खत जरा कमी पडलं औंदा," ते म्हणाले.