आठवणीचा ससा

आई झालेल्या बाईच्या कानांना साऱ्या जगात तोड नाही, असं मातोश्रींचं ठाम मत होतं. बंद दाराआड, दोन खोल्या पलीकडे, मूल नुसतं कुशीवर वळलं तरी ज्या कानांना कळतं, त्या कानांना फिल्म स्कूल आणखी काय शिकवणार! शेवटी प्रमाणपत्रावर सही करायची, एवढंच काम सरांना उरलंय, असं त्या सासूबाईंना बिनदिक्कत सांगत.

मातोश्री हे नाव वर्गानं ठेवलेलं. फिल्म स्कूलच्या त्या वर्गात लेकुरवाळी ही एकटीच. इतरांच्या पिशवीत बॅटऱ्या आणि केबली. हिच्या पिशवीत बॅटऱ्या, केबली, डायपर, बिस्किटं, तापाचं औषध, खोकल्याचं औषध आणि दोन्ही औषधं सांडली तर म्हणून जादा औषध!

त्या दिवशी सरावाची छोटी फिल्म करायची होती. ती ऐकून सर ठरवणार होते, की वर्षाखेरीच्या मोठ्या फिल्मचा ध्वनी कोणी करायचा. मातोश्रींचा जीव त्या मोठ्या फिल्मवर जडलेला. आणि नेमकं त्याच सकाळी नवऱ्याला ऑफिसनं बोलावलं, सासूबाईंचा गुडघा सुजला, आणि दोन वर्षांचा टिल्लू काखेत मारून मातोश्री चित्रीकरणाला हजर झाल्या.

वर्गातलाच एक दिग्दर्शक होता, तो बघतच राहिला. "मातोश्री, मूल आणि माइक एकाच घरात?"

"माझं मूल आहे ते. मी डोळे वटारले की चूप बसतं."

"कधीपासून?"

"आजपासून!"

घर दिग्दर्शकाच्या मावशीचं. मावशी परगावी गेलेली, दुसऱ्या दिवशी दुपारी परतणार. किल्ली देताना तिनं एकच गोष्ट बजावली होती : "घरात काय धुडगूस घालायचा तो घाला. पण फ्रीज बंद केलात तर जाताना आठवणीनं चालू करा! काकांच्या निवृत्तीची पार्टी आहे. फ्रीजर आइस्क्रीमनं गच्च भरलाय."

फ्रीज तर बंद करावाच लागणार होता. तो जेवून आडवं झालेल्या सासऱ्यासारखा घुर्रर्र करत होता आणि माइकला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

यावर ध्वनीवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. फ्रीज बंद केला की आपल्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, किल्ली घ्यायला गेलं की फ्रीज आठवतो! युक्ती नामी. पण मातोश्री आलेल्या बसनं. किल्ली आणायची कुठून?

मातोश्रींनी डोकं चालवलं. कोणत्या वस्तूशिवाय आपण दाराबाहेर पाऊल टाकू शकत नाही? पलंगावर टिल्लू गाढ झोपला होता आणि त्याच्या मुठीत होता ससा. कापडी, एक कान चघळून चघळून चिंधी झालेला, डोळ्यांच्या जागी काळी बटणं. त्यातलं डावं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. "आज शिवते" म्हणत मातोश्री ते कित्येक दिवस शिवत होत्या. या सशाविना टिल्लू घरी जाणं तर सोडाच, श्वासही घेत नसे.

मातोश्रींनी खिसेकापूच्या सफाईनं ससा मुठीतून सोडवला, फ्रीजरमध्ये आइस्क्रीमच्या डब्यावर ऐटीत बसवला आणि फ्रीजचं बटण बंद केलं. झालं! आता विसरू म्हटलं तरी विसरायची सोय नाही!

फिल्म एका एकट्या म्हाताऱ्याची. संवाद एकही नाही. वर्गातल्याच एकानं केसांना पावडर फासून म्हातारपण घेतलेलं. तो चहा करतो, खिडकीशी बसतो, उठतो, पुन्हा बसतो. तासांमागून तास तो एवढंच करत होता. अखेर सगळी दृश्यं झाली. उरलं फक्त एक काम : रिकाम्या खोलीची मिनिटभर शांतता टिपायची. ती नसेल तर फिल्ममध्ये जागोजागी आवाजाला भोकं पडतात.

मातोश्रींनी हेडफोन चढवले. हात वर केला. सगळे पुतळे झाले.

"शशाऽऽऽ!"

आतून असा भोंगा आला, की मातोश्रींनी हेडफोन काढून फेकले.

टिल्लू जागा झाला होता. मूठ रिकामी होती. आणि मूल रडलं, की मातोश्रींच्या डोक्याची पाटी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी कोरी होई. फ्रीज, युक्ती, किल्ली, सगळं साफ!

"ससा कोणी घेतला? खरं सांगा, मी रागावणार नाही!" मातोश्री रागावून ओरडल्या.

शोधाशोध सुरू झाली. उशा उलट्यापालट्या झाल्या. दिग्दर्शकाला तीन वेळा उठवून त्याच्याखाली बघितलं. तेवढ्यात मातोश्रींची नजर म्हाताऱ्याच्या शर्टाकडे गेली. पोटाशी चांगला फुगवटा होता.

"काढ! काढ तो ससा बाहेर!"

"अहो मातोश्री, ते माझं पोट आहे!"

"खोटं! सकाळी नव्हतं!"

"सकाळी मी श्वास ओढून धरला होता!"

टिल्लूला बिस्कीट दिलं, त्यानं भिरकावलं. दिग्दर्शक ससा होऊन उड्या मारू लागला, टिल्लू आणखी घाबरला. "संपलं," दिग्दर्शक धापा टाकत म्हणाला, "मोठ्या फिल्मला मी बिनलेकरांचा ध्वनीवाला मागणार!"

इतक्यात पलंगाखाली शोधणारी कॅमेरावाली उठायला गेली आणि खाडकन डोकं आपटलं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ! बर्फ आणायला ती स्वयंपाकघरात धावली आणि तिथून तिची किंकाळी आली.

"मातोश्री! ससा आइस्क्रीमवर बसलाय!"

"तिथे कोणी ठेवला?" मातोश्री गरजल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगं बाई. मीच की!"

"का?"

"फ्रीज चालू करायची आठवण राहावी म्हणून."

"मग आत्ता मुळीच करू नका!" दिग्दर्शक किंचाळला. "आधी शांतता! तो गप्प आहे तोवर घ्या!"

"घेते. फ्रीज जाताना करते."

टिल्लू गार कान चोखत मांडीवर विसावला. मातोश्रींनी हात वर केला. आणि काय ती शांतता! मातोश्रींनी लग्नानंतर इतकी शांतता ऐकली नव्हती. शेवटी शेवटी मात्र कुठेतरी हलकेच वाजलं. टप्. थोड्या वेळानं पुन्हा, टप्.

"बाथरूमचा नळ गळतोय बहुतेक," मिनिट संपल्यावर त्या म्हणाल्या. "पुन्हा घेऊ?"

"नको!" दिग्दर्शकाचे डोळे पाणावले होते. "एकटेपणा गळतोय तो. राहू दे!"

बसची वेळ झालेली. दारात मातोश्रींनी सवयीनं चाचपलं. पिशवी आहे, टिल्लू आहे. आणि ससा? काखेत! आठवणीचा ससाच हाताशी असल्यावर विसरलं काय असणार? मातोश्रींनी निर्धास्त मनानं दार ओढलं.

घरी पोचल्यावर सशाकडे लक्ष गेलं. डावा डोळा गायब!

"गिळला!" मातोश्री ओरडल्या. टिल्लूचं तोंड तपासलं, पोट दाबून पाहिलं, त्याला उलटा करून हलवलं. टिल्लूला खेळ फारच आवडला.

डॉक्टरीणबाई फोनवर शांतपणे म्हणाल्या, "छोटं बटण ना? येईल बाहेर. लक्ष ठेवा."

लक्ष ठेवणं! त्यात तर मातोश्रींचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बटणाचा पत्ता नाही. नवऱ्याला डायपरच्या पहाऱ्यावर बसवून मातोश्री वर्गात आल्या, त्या जीव मुठीत धरून.

अंधारात, रातोरात जोडलेली फिल्म संपत आली. रिकामी खुर्ची. शांतता. टप्. सरांनी डोळे मिटले. टप्.

दिवे लागले. "तो थेंब!" सर खुर्चीतून उठलेच. "इतकी वर्षं शिकवतोय, पण असा थेंब ऐकला नाही! मोठ्या फिल्मचा ध्वनी मातोश्रीच करणार."

टाळ्या पडल्या. टाळ्यांतच दिग्दर्शकाचा फोन थरथरला. त्यानं तो कानाला लावला, पण मावशीच्या आवाजाला फोनची गरजच नव्हती.

"मेल्या! स्वयंपाकघरात तळं झालंय! आइस्क्रीमचं! आणि त्यात एक डोळा तरंगतोय! काळा! माझ्याकडे बघतोय!"

वर्गात अशी शांतता पसरली, की कोणीही ती सहज टिपून घ्यावी.

"सापडला!" मातोश्री बाकावरून उसळल्या. "अगं बाई, सापडला डोळा!" लगोलग त्यांनी नवऱ्याला फोन लावला. "अहो, सोडा ते डायपर! गिळला नाही हो त्यानं! फ्रीजरमध्येच पडला होता!"

डोळे पुसून त्यांनी वर पाहिलं, तर सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. सरांनी सावकाश चष्मा काढला.

"म्हणजे, तो थेंब..."

"स्ट्रॉबेरी, सर," टेंगूळ चोळत कॅमेरावाली म्हणाली.

मोठ्या फिल्मचा ध्वनी मातोश्रींकडेच राहिला, सर शब्दाचे पक्के. फक्त तिची झाडून सगळी दृश्यं मैदानात घ्यायची, असा त्यांचा आग्रह पडला.