मौजे उंबरटेक येथील मुलांस वर्ग केले, त्याची हकीकत

श्रीशारदेस वंदन असो, आणि जीस शारदेच्या नावाने खडू हाती धरून जन्म काढावा लागतो तीसही वंदन असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, वैशाख वद्य पक्षातील ही गोष्ट. एक राज्य होते. नाव पुसू नये. पुसलियास लिहिणारा सांगणार नाही, कारण लिहिणारासही पोटपाणी आहे. त्या राज्यात हुजुरांनी विद्येचे खाते स्थापिले होते, आणि खात्याचा ऐसा रिवाज होता की दर सोमवारी राजधानीहून 'वार्ता आणि संधी' निघावी, म्हणजे राज्यातील शाळांत नवे काय जाहले आणि कोणास कोणती जागा, कोणते मानपत्र, कोणती परीक्षा मिळण्याजोगी आहे, ते गावोगावी कोतवालाने डफ वाजवून पुकारावे. वार्ता बहुत येत. आज गणवेश निळा, उद्या तपकिरी, मग मसलत होऊन पुन्हा निळा. आज प्रार्थना पाठाआधी, उद्या पाठानंतर. परंतु उंबरटेक म्हणजे घाटमाथ्यावरचे गाव, तेथवर वार्ता तेवढी पोचे, संधी घाट चढता चढता दमून खालीच बसे.

उंबरटेकास शाळा एक, तिची खोली एक, आणि त्या एका खोलीत पहिली ते चौथी चार कोपरे धरून बसत. पंतोजी म्हणाल तर शेवंताबाई कारंडे, शहरगावची बाई, स्वभावे शांत, पण अक्षर वाकडे दिसले की तिचा जीव वरखाली होई. बाईंस एक लेक होती, मुक्ता नावाची. घाटमाथ्यावर दवाखाना नाही, दूध नाही, म्हणून बाईंनी तीस शहरात सासूपाशी ठेविली आणि आपण महिन्यामाशी एकदा भेटीस जात. लेक प्रथम प्रथम रडे, मग रडेनाशी जाहली, आणि पुढे पुढे "आई, तू कधी जाणार?" ऐसेच पुसू लागली. आलेली माय कधी येणार हे कोणी पुसत नाही, कधी जाणार हेच पुसतात, हे बाईंच्या जिव्हारी लागले होते. म्हणून शहरी जागा मिळावी, लेकीच्या डोईत आपल्या हाताने तेल घालावे, एवढेच एक मागणे बाई देवापाशी मागत.

आणि गावी ठकूबाई ढेबे म्हणोन धनगरीण होती, तोंडाची फटकळ, मनाची निर्मळ. तिच्या तीन लेकी चौथीपर्यंत शिकल्या आणि मग मेंढरांमागे गेल्या, कारण पाचवीची शाळा घाटाखाली पायरवाडीस, मध्ये ओढा, आणि पावसाळा लागला की ओढा माणसास विचारीत नसे. पोरगे एखादे उतरून जाई. पोरगी आजवर एकही गेली नव्हती. चौथी लेक सगुणा. तीस एक खोड होती, प्रत्येक गोष्टीस "मग पुढं?" म्हणोन पुसण्याची. तीही त्याच वर्षी चौथी जाहली, आणि तिच्यासाठी मेंढरे हाकावयाची काठी तोडून तासून दारामागे ठेविली होती.

ऐसे असता वैशाखात राजधानीस खलबत बैसले. प्रधान बोलिले की डोंगरी शाळांच्या पटावर वीसही मुले नाहीत, आणि इतक्या थोड्यांकरिता पंतोजी पोसणे म्हणजे हत्तीवर मुंगी बसविणे आहे, सबब मुले उचलून खालच्या थोर शाळांकडे द्यावी. उंटावरून शेळ्या हाकणारास ओढा दिसत नाही, हे जुनेच आहे. मग कारकुनांनी ती मसलत दरबारी भाषेत घातली. आता दरबारी भाषेत 'वर्ग करणे' म्हणजे इकडून उचलून तिकडे धाडणे. रक्कम वर्ग होते, कारकून वर्ग होतो, तुंबलेले प्रकरण वर्ग होते. आणि गावच्या भाषेत वर्ग म्हणजे चार भिंती, एक फळा आणि बसायास पोरे. हा भेद राजधानीस कोणाच्या ध्यानी आला नाही, आणि आज्ञा निघाली.

सोमवारी कोतवाल धोंडजीने चावडीपुढे डफ वाजविला आणि घसा खाकरून पुकारा केला, "ऐका हो ऐका! हुजुरांची आज्ञा, ज्या शाळेच्या पटावर वीस मुले नाहीत, तेथील मुलांस वर्ग करावे! जे पंतोजी ही आज्ञा तामील करतील, त्यांस शहरी आदर्श शाळेत मुख्य जागेची संधी आहे हो!" बाईंनी इतके ऐकिले मात्र, शाळा मोडली, हे त्यांस तत्क्षणी उमगले. आणि मुक्ता भेटली, हेही त्याच क्षणी उमगले. एका डोळ्यात आसू आणि एकात हसू म्हणतात, तैसे जाहले, आणि आपणांस हसू का आले म्हणोन बाई मनात शरमिंद्या जाहल्या.

तो इकडे ठकूबाई कमरेवर हात देऊन उभी राहिली आणि बोलिली, "आगं बया! देव पावला म्हनायचा! पोरास्नी वर्ग करा म्हनत्यात सरकार!"

पाटील बोलिले, "एक वर्ग वाढवा म्हंत्यात का काय?"

"एक कशानं? कान हायती का भोकं? 'वर्ग करावा' न्हाई म्हटला धोंडजी, 'वर्ग करावे' म्हटला! म्हंजी पाचवी, सहावी, सातवी, समदं! व्हय का न्हाई रं धोंडजी?"

धोंडजी बिचारा हुकुमाचा ताबेदार. त्याने पुन्हा डफ वाजविला आणि अक्षर न् अक्षर तेच पुकारिले. येथे कोणी ध चा मा केला नव्हता. आज्ञा होती तैशीच होती, आणि ती दोन्हीकडे लागत होती. मग अवघे गाव बाईंकडे वळले. शेवंताबाईंनी बोलावयास तोंड उघडिले. "मंडळी, वर्ग करणे म्हणजे..." इतके शब्द बाहेर आले, आणि तेवढ्यात सगुणा गर्दीतून पुढे येऊन बोलिली, "बाई, म्हंजी आता मग पुढं हाय व्हय?" बाईंनी तिजकडे पाहिले. एक शब्द बोलला तर गावास उमजेल, उद्या शाळेस कुलूप लागेल, परवा आपण लेकीपाशी असू, आणि ही पोर काठी घेऊन डोंगरावर असेल. तो शब्द जिभेवर येऊन उभा राहिला, आणि बाईंनी तो गिळिला. "होय, आहे पुढे," ऐसे बोलून त्या शाळेत गेल्या आणि दार लोटून बहुत वेळ बैसल्या.

मग गाव उठले. काय उठले म्हणावे! जे कधी शाळेची पायरी चढले नव्हते त्यांनी डोंगरातून दगड वाहिले, आणि कारवीच्या काठ्या आणून कुडाच्या भिंती विणिल्या, आणि बायांनी माती-शेण कालवून कूड लिंपिले, आणि पाटलांनी आपल्या गोठ्यावरचे पत्रे उतरवून वर घातिले. म्हशी उघड्या पडल्या, पाटलीण चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही, पण पत्रे चढले. ज्येष्ठात शाळा भरली तेव्हा एका खोलीच्या दोन जाहल्या, आणि सगुणा पाचवीस बैसली, तिच्यामागे दारामागच्या काठ्या टाकून आणखी पोरी आल्या. बाई सकाळी लहानांस शिकवीत, दुपारी थोरांस शिकवीत, आणि घसा बसला तर काढा पिऊन पुन्हा उभ्या राहात. राजधानीहून पुसणे आले, "मुलांस वर्ग केले किंवा कसे?" बाईंनी उत्तर धाडिले, "केले." खोटे त्यात काही नव्हते. राजधानीस आनंद जाहला, आणि उंबरटेकी आज्ञा तामील जाहली ऐसी नोंद होऊन तीवर मोहोर उठली.

मग मार्गशीर्षात तालुक्याचे विद्याधिकारी त्र्यंबकराव रिकाम्या शाळेस कुलूप लावावयास आणि बाईंस शहरीच्या जागेची सनद द्यावयास आपण जातीने घाट चढून आले. बघतात तो शाळा मोहोळासारखी घुमते आहे. एका खोलीत बाराखडी, दुसऱ्या खोलीत त्रिकोणाचे कोन, आणि दारात ठकूबाई ताकाचा तांब्या घेऊन उभी. "या सायेब! तुमी सांगिटलं तसं केलं बगा समदं! घ्या ताक." त्र्यंबकराव ताक प्याले, घाम पुसला, आणि बाईंस बाहेर उंबराखाली बोलाविले. मनुष्य दुष्ट नव्हता. खात्यात जन्म गेला होता इतकेच.

बोलिले, "बाई, हे काय आरंभिले आहे? वर्ग करणे म्हणजे काय, हे तुम्हांस ठाऊक नव्हते?"

बाई बोलू गेल्या, तो साहेबांनी हात वर केला.

"उत्तर देण्याआधी माझे नीट ऐकून घ्या. ठाऊक नव्हते म्हणाल, तर ही चूक ठरते. चूक माफ होते, शहरीची जागा तुमचीच राहते, ही पाहा सनद. परंतु चूक दुरुस्त करावी लागते. वर्ग मोडून मुले आजच खाली जातील. आणि ठाऊक होते म्हणाल, तर आज्ञा तिच्या एका अर्थाने तामील जाहली, तीवर हुजुरांची मोहोर आहे, आणि मोहोर उठलेली आज्ञा फिरवावयास मी कोण? वर्ग राहतील. पण हुजुरांच्या शब्दाशी जाणून खेळ केला, याचे शासन तुम्हांस होईल. तुम्हांस लेक आहे म्हणतात. विचार करा. दोन शब्दांचे काम आहे, ठाऊक नव्हते म्हणा आणि माझ्यासवे चला."

शेवंताबाईंनी सनदेकडे पाहिले. कागदावर आपले नाव, त्याखाली शहराचे नाव. त्या शहरात मुक्ता या वेळी शाळेतून येऊन आजीच्या हातचे जेवत असेल. आतून सगुणेचा आवाज आला, ती लहानांस पाढे म्हणवीत होती आणि चुकणारास दटावीत होती. बाईंनी पदर तोंडास लाविला, आणि मग पदर काढून त्या स्पष्ट बोलिल्या, "ठाऊक होते, साहेब. पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. जाणून केले."

त्र्यंबकरावांनी मग सनद घडी करून खिशात घातली, आणि वर्गाच्या दाराशी जाऊन थोर मुलांस एक गणित पुसले, ते त्यांनी बिनचूक सांगितले, आणि साहेब घाट उतरून गेले.

पुढील सोमवारी डफ वाजला. धोंडजी पुकारा करावयास उभा राहिला आणि नुसता डफच वाजवीत राहिला. शेवटी बोलिला, "शेवंताबाई कारंडे यांची बदली, राज्याच्या पार पूर्व सीमेवर." 'बदली' या शब्दाचा अर्थ मात्र राजधानीस आणि उंबरटेकास एकच होता, कोणी कोणास पुसले नाही. सीमेवरून शहरास यावयाचे तर वर्षातून एखादे वेळी जमावे, इतके ते दूर. ठकूबाई शाळेत आली आणि बाईंपुढे मटकन खाली बसली.

"बाई, आमी येडी मानसं, आमास्नी न्हाई उमगलं. पन तुमास्नी ठावं व्हतं! मग बोलला का न्हाईसा? आमच्या पोरींपायी सोताच्या पोरीला आंतरलासा? आवो, असं कोन करतं?"

बाई बोलिल्या, "ठकूबाई, मला ते पुसू नका. मुक्ता पुसेल तेव्हा तिला काय सांगावे, तेच मला अजून सुचले नाही." आणि इतके दिवस जे धरून ठेविले होते ते मग सुटले, आणि दोघी बाया एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्याने रडल्या.

बाई गेल्या त्या दिवशी गाव घाटाच्या तोंडापर्यंत गेले. नवे पंतोजी आले, तेही बरे आहेत.

एवंच, उंबरटेकी मुलांस वर्ग केले ते येणेप्रमाणे. शाळा राहिली, ओढा आहे तैसाच आहे, सगुणा यंदा सहावीस आहे. खात्याच्या 'वार्ता आणि संधी'त उंबरटेकाचे नाव आज्ञा चोख पाळणारे गाव म्हणोन निघाले, त्यात बाईंचे नाव नाही. मुक्ता आजीपाशी आहे. आई कधी जाणार, हे ती आता पुसत नाही. ऐकिले तेवढे लिहिले, याउपर लिहवत नाही.