सरांनी सोयाबीन मनावर घेतलं

औषधाच्या दुकानात बोलताना मागे कोण बसलंय ते आधी बघून घ्यावं, ही अक्कल ताईला जरा उशिरा आली.

गिऱ्हाइकाचा प्रश्न साधा होता. "ताई, सोयाबीन खाल्लेलं चांगलं असतं का हो?"

ताईने उत्तरही साधंच दिलं. "चांगलं असतं. प्रथिनं भरपूर असतात, कोलेस्टेरॉल थोडं कमी व्हायलाही मदत होते. पण ते अन्न आहे, औषध नाही. त्याच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करू नका."

मागच्या खुर्चीत तिचे वडील वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांना 'चांगलं असतं' एवढं ऐकू आलं. पुढचं ऐकायची त्यांना गरज वाटली नाही.

ताईच्या वडिलांना सगळा रस्ता 'सर' म्हणायचा. शाळेत त्यांनी उभी हयात कवायत शिकवली. सर निवृत्त झाले, आवाज झाला नाही. रस्त्यावरची निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला, समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर, अशी टक्कल पडलेली, नातवंडं असलेली माणसंसुद्धा सर दिसले की पोट आत ओढून घ्यायची. ताईकडे औषधशास्त्राची पदवी होती आणि ती काचेच्या चौकटीत दुकानात टांगलेलीही होती. तरी लोक औषध तिच्याकडून न्यायचे आणि सल्ला सरांकडून.

दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या वरच्या घरात एक पोतं येऊन पडलं.

"अहो, हे काय?" आईने विचारलं.

"सोयाबीन."

"एवढं? जेवायला माणसं तीन!"

"तब्येतीच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा नसतो."

मग सोयाबीनचं दूध सुरू झालं. पिठात सोयाबीन आलं, भाजीत सोयाबीन आलं, तेलही बदललं. आठवडाभरात आई जिना उतरून दुकानात आली आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. "आता मीठ तेवढं सोयाबीनचं नाही आपल्या घरात. ते मिळत नाही म्हणून. तू सांग काहीतरी त्यांना."

"मी सांगून ऐकतात का?"

"मग कोणाचं ऐकतात?"

या प्रश्नाला त्या घरात गेली कित्येक वर्षं उत्तर नव्हतं.

घरातली माणसं पुरेनात, तेव्हा सर गिऱ्हाइकांकडे वळले. कोणी गुडघ्याला लावायचं मलम मागितलं की मागच्या खुर्चीतून आवाज यायचा, "सोयाबीन खा." कोणाचे केस गळत होते, "सोयाबीन." कोणाला झोप लागत नव्हती, "सोयाबीन. पाठ ताठ ठेवून खायचं." एक गृहस्थ तर नुसते सुटे मागायला आले होते. तेही सोयाबीन कसं खावं हे ऐकून गेले, सुटे राहिलेच.

एकदा पन्नाशीतल्या एक बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, अंगातून एकदम वाफा आल्यासारखं होतं हो. पाळी थांबत आलीय ना." ताई काही बोलायच्या आत मागून उत्तर आलं. ताईने कपाळावर हात मारला, कारण या एका बाबतीत बाबा चुकून थोडंफार खरं बोलले होते. "काही जणींना सोयाबीनने जरा बरं वाटतं," ती नाइलाजाने म्हणाली. "पण सगळ्यांना नाही. आणि त्याच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका."

"बघ!" सर वर्तमानपत्राआडून म्हणाले. ताईने जे कबूल केलं त्यातला 'पण' त्यांनी नेहमीप्रमाणे गाळला होता.

इथवर सगळं चाललं असतं. पण सरांच्या डोक्यात आलं, की शिजवलं म्हणजे सत्त्व जातं. त्यांनी फर्मान काढलं, सोयाबीन रात्री भिजत घालायचं आणि सकाळी उठून कच्चंच चावून खायचं. रस्त्याने ते पाळलं. चार दिवसांत दुकानात पोट धरून येणाऱ्यांची रीघ लागली. कोणाला गुबारा, कोणाला मुरडा, कोणाला धड उभंही राहता येईना.

"कच्चं खायचं नसतं हो!" ताई एकेकाला सांगत होती. "कच्च्या सोयाबीनने पचन बिघडतं. चांगलं मऊ शिजवून खा."

"पण सर म्हणाले..."

"सर कवायत शिकवायचे! पोट कुठे शिकवायचे?"

गिऱ्हाईक दुखऱ्या चेहऱ्याने मागे बघायचं, आवाज खाली आणायचं आणि म्हणायचं, "ताई, जरा हळू. सर ऐकतील."

संध्याकाळी पोटाच्या औषधाचा कप्पा रिकामा झाला. सर तो बघून खूश झाले. "माझ्यामुळे तुझा धंदा वाढला की नाही?"

ताईने कप्पा धाडकन बंद केला. आपलं कोणी ऐकत नाही, तेव्हा यांना ऐकवायला यांच्याइतकंच वजन असलेला माणूस हवा, असं ठरवून तिने रस्ता ओलांडला आणि डॉक्टरांना गाठलं. "डॉक्टर, उद्या बाबांना पाठवते. रक्तदाब बघायचं निमित्त करा आणि चांगलं खडसवा."

"नक्की," डॉक्टर म्हणाले. "वैद्यकीय बाब आहे, यात गुरू-शिष्य काही नाही. स्पष्टच सांगतो."

दुसऱ्या दिवशी सर दवाखान्यातून छाती काढून परत आले.

"काय म्हणाले डॉक्टर?" ताईने आशेने विचारलं.

"तो काय म्हणतोय? मी आत गेलो तसा उठून उभा राहिला. पोट बघितलंस का गाढवाचं? त्यालाही सुरू करायला सांगितलंय."

ताईने समोर पाहिलं. दवाखान्याच्या दारात डॉक्टर उभे होते. तिची नजर पडताच ते घाईने आत गेले.

त्यानंतर मात्र सर हळूहळू मंदावले. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, उलट आईला बरंच वाटलं. मग ते खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायला लागले. बाकी सगळे उकाड्याने हैराण, आणि सर स्वेटर घालून बसलेले. बोलताना मधेच शब्द शोधायचे. एका सकाळी सरांच्या डोळ्यांदेखत एक माणूस खांदे पाडून, पाय ओढत दुकानासमोरून गेला आणि सर त्याच्यावर ओरडले नाहीत. ताई हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ आली.

"अशक्तपणा आहे," सर क्षीण आवाजात म्हणाले. "सोयाबीन कमी पडतंय."

तिने त्याच दिवशी त्यांचं रक्त तपासायला दिलं. सरांना थायरॉईडची गोळी बरीच वर्षं चालू होती, सगळं ताळ्यावर होतं. आता ते पार बिघडलेलं निघालं. अहवाल घेऊन ती सरांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर सवयीने उभे राहिले, आकडा बघून गंभीर झाले आणि म्हणाले, "गोळीची ताकद वाढवावी लागेल."

"थांबा," ताई म्हणाली. तिच्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं होतं. "बाबा, तुम्ही सकाळची गोळी कशी घेता?"

"तोंडाने."

"कशाबरोबर?"

"सोयाबीनच्या दुधाबरोबर. मोठा पेला. नुसत्या पाण्यात काय असतं?"

ताई मटकन खुर्चीत बसली. "अहो, सोयाबीनमुळे ही गोळी अंगात नीट शोषली जात नाही! उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, आणि सोयाबीन खायचंच तर मधे तीन-चार तास जाऊ द्यायचे. मी स्वतः दिवसभर लोकांना सांगते हे!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "माझ्याही लक्षात नाही आलं विचारायचं. मग ताकद नको वाढवायला. आधी गोळी नीट घेऊ दे."

तेवढ्यात दार ढकलून त्याच रस्त्यावर राहणाऱ्या एक संगीत शिक्षिका आत आल्या. आल्या म्हणजे त्यांच्या साडीवरून त्या ओळखू आल्या, चेहऱ्यावरून नाही. ओठ सुजून पुढे आले होते, डोळ्यांच्या फटी उरल्या होत्या, गळ्यावर लाल गांध्या. "ओयाईन," त्या कशाबशा म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांना झोपवून झटपट इंजेक्शन दिलं. ताई त्यांचा हात धरून बसली. बाईंना सोयाबीन चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. कुठलंही औषध घेताना त्या 'यात सोयाबीनचं काही नाही ना' म्हणून तिच्याकडून वेष्टन वाचून घ्यायच्या. अशी बाई सोयाबीन खाईल कशी? थोड्या वेळाने सूज उतरू लागली, श्वास मोकळा झाला आणि बाईंना नीट बोलता आलं.

"मी फक्त पाव खाल्ला हो. नेहमीचा, बेकरीतला."

ताईने सावकाश मान वळवून वडिलांकडे पाहिलं.

"मी त्याला पिठात थोडं मिसळायला सांगितलं होतं," सर म्हणाले. "लोकांना कळू न देता. त्यांच्याच भल्यासाठी."

मग ताईचा बांध फुटला. "भल्यासाठी? बाईंचा जीव गेला असता म्हणजे? कोणाला काय चालतं, काय चालत नाही, काही विचारायचं नाही! सगळ्या रस्त्याची पोटं बिघडवलीत, स्वतःची गोळी वाया घालवलीत! आणि मी रोज सांगतेय, रोज, घसा कोरडा पडेपर्यंत!"

सर बाईंच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा पडला होता. "सांगत होतीस," ते हळूच म्हणाले. "पण तू समजावून सांगतेस गं. समजावलेलं मला कधी कळलंय? हुकूम कुठे दिलास?"

ताई उठली. आपल्याजवळ असा आवाज आहे हे तिलाही माहीत नव्हतं. "गोळी पाण्याबरोबर! उपाशीपोटी! दुकानात कोणालाही सल्ला बंद! आणि बेकरीवाल्याला आत्ताच्या आत्ता जाऊन सांगायचं, ते पीठ बंद!"

सर ताडकन उभे राहिले. डॉक्टरही उभे राहिले. संगीत शिक्षिका उठू लागल्या, त्यांना ताईने परत झोपवलं.

सरांनी त्या दिवसापासून गोळी पाण्याबरोबर घेतली. दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासलं तर सगळं जागच्या जागी. अंगातला स्वेटर उतरला, पेंगणं गेलं, आवाज पहिल्यासारखा खणखणीत झाला. ताईने सुटकेचा निःश्वास टाकला. बाबा तिचा हुकूम पाळत होते. दुकानात कोणालाही सल्ला देत नव्हते. सकाळी गोळी घेऊन ते फिरायला म्हणून बाहेर पडायचे ते थेट जेवायलाच परत यायचे. तब्येत सुधारली, दुसरं काय, असं तिला वाटलं.

मग एका दुपारी गुडघ्याच्या मलमवाल्या बाई आल्या. त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं होतं. ताईने गोळ्या दिल्या आणि सहज म्हणाली, "तेलकट जरा कमी करा. आणि आठवड्यातून दोन-तीनदा शिजवलेलं सोयाबीन खाल्लंत तर चांगलं."

बाई दोन पावलं मागे सरकल्या. "सोयाबीन? नको गं बाई! विष असतं ते!"

"विष? कोणी सांगितलं?"

"सरांनी. सकाळी घरोघर जाऊन सांगतायत ना. आमच्याकडचं होतं नव्हतं ते सगळं टाकायला लावलं. बेकरीत तर 'इथे सोयाबीन नाही' असा फळाच लावलाय."

"अहो, तसं नाही!" ताई काउंटरवर वाकून कळवळून म्हणाली. "ज्यांना चालत नाही त्यांनी खाऊ नये. थायरॉईडची गोळी असेल त्यांनी वेळ सांभाळावी. बाकीच्यांनी शिजवून खुशाल खावं. चांगलं असतं हो सोयाबीन! माझं ऐका!"

बाईंनी गोळ्या पिशवीत टाकल्या आणि जाता जाता तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"ताई, तू शिकलेली आहेस, मान्य. पण वडिलांच्या शब्दाबाहेर जाऊ नये गं माणसाने."