सबनीस काकांचा कॉलेज फंड

सबनीस काका समोर आले की माणसाच्या तोंडाकडे नाही, हातातल्या पिशवीकडे बघायचे. मी किराणा घेऊन गाडीतून उतरले की ते पार्किंगमध्ये हजर. पिशवीत डोकावून एखादी वस्तू वर काढायची आणि मी जणू उंदराचं औषध आणलंय असा चेहरा करायचा.

"हा साबण का घेतलास? शेजारच्या कंपनीचा घेतला असतास तर दोन टक्के आले असते."

"कोणाला, काका?"

"आम्हाला!"

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. मी नागपूरहून अमेरिकेत पिस्कॅटवेला नोकरीसाठी आले होते. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये खाली मी एकटी राहायचे आणि वरच्या मजल्यावर सबनीस काका-काकू. त्या काळी तिथे मुलांच्या कॉलेजसाठी बचत करायची एक योजना जोरात होती. दुकानाचं कार्ड तिथे नोंदवायचं, ठरलेल्या कंपन्यांचा माल घ्यायचा, की किमतीचा एखाद-दुसरा टक्का आपल्या खात्यात जमा. शिवाय मित्रमंडळींनाही आपली कार्डं तुमच्या खात्याला जोडता यायची. काकांनी आम्हा सगळ्यांना पकडलं ते या शेवटच्या सोयीत. माझं कार्ड, माझ्या ऑफिसातल्या दोन मुलींची कार्डं, मराठी मंडळाच्या खजिनदारांचं कार्ड. गणपतीच्या जेवणाला कागदी ताटल्या कुठल्या आणायच्या हेसुद्धा तीन वर्षं काकाच ठरवत होते.

आता गंमत अशी की त्यांच्या घरात कॉलेजला जाणारं कोणीच नव्हतं. एकुलता एक राहुल सांता क्लाराला चिप डिझाइन करायचा, आणि लग्नाचं नाव काढलं की फोन ठेवायचा. एकदा काकांनी स्पीकरवर त्यालाही कार्ड जोडायला सांगितलं, तर तो म्हणाला, "बाबा, यू नीड अ किड फॉर दॅट." काका शांतपणे म्हणाले, "तू नंबर दे." सगळे धरून चालले होते की हे जन्माला न आलेल्या नातवासाठी चाललंय.

काका इथल्याच सरकारी खात्यात पुलांची तपासणी करून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं पुलाखाली उभं राहून भेगा शोधल्यामुळे त्यांना भेग नसलेली गोष्ट दिसतच नसे. "यात कुठेतरी पाणी मुरतंय" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूध स्वस्त झालं, पाणी मुरतंय. डॉक्टर म्हणाले तब्येत उत्तम आहे, नक्कीच पाणी मुरतंय. आणि ज्या योजनेत ते आम्हाला ओढत होते, तिच्याबद्दल तर त्यांची खात्रीच होती. "कंपनी बुडणार गं ही. इंटरनेटवाल्या किती बुडाल्या बघ. एक दिवस सकाळी उठू आणि पाटी कोरी."

"मग पैसे काढून घ्या ना."

"इतक्यात नाही. पुरेसे झाले की."

पुरेसे म्हणजे किती, हे विचारलं की ते आकाशाकडे बघायचे.

एका जानेवारीत, शनिवारी दुपारी, दार वाजलं. काका कानाला मफलर गुंडाळून उभे, हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात कागद, आणि चेहरा पांढराफटक.

"वैशाली, पैसे काढायचेत. आजच. आणि हे बघ, निर्मलाला कळता कामा नये."

बायकोला न सांगता पैसे काढणारा सदुसष्ट वर्षांचा माणूस म्हटल्यावर मनात काय काय येतं. आजार? कोणी फसवलं? मी काही न विचारता कॉम्प्युटर सुरू केला. काकांनी पासवर्ड सांगितला, तो चुकला. दुसरा सांगितला, तोही चुकला. पडद्यावर सूचना आली की आता सुरक्षेच्या प्रश्नाचं उत्तर द्या. एकच संधी आहे, नाहीतर खातं बंद होईल.

प्रश्न होता, लहानपणी पाळलेल्या प्राण्याचं नाव काय?

"पण मी काही पाळलंच नव्हतं!" काका खुर्चीवर टेकले. "मग मी लिहिलं काय असेल? गेलं. सगळं गेलं. पाच वर्षं गेली."

मी त्यांना पाणी दिलं आणि चप्पल न घालताच वर पळाले. काकू मेथी निवडत बसल्या होत्या.

"काकू, काकांच्या घरी लहानपणी कुत्रा-मांजर काही होतं?"

"यांच्याकडे? कुत्रं दिसलं की हे अजून रस्ता ओलांडतात. कराडला म्हैस होती यांच्या आईची. चंद्री. का गं?"

"सहज. ऑफिसात एक खेळ चाललाय."

काकूंनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

खाली येऊन मी म्हटलं, "चंद्री. स्पेलिंग काय कराल, आय की डबल ई?"

काकांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "डबल ई. आई शेवट लांबवून हाक मारायची." मी बटण दाबलं. खातं उघडलं. जेमतेम चारशे डॉलर होते. पाच वर्षांचे साबण, टिश्यू आणि पेट्रोल. त्याखाली, ज्याच्या शिक्षणासाठी बचत आहे त्याचं नाव होतं, निर्मला सबनीस.

मी काकांकडे बघितलं. ते मफलरची दशी ओढत होते.

"लग्न ठरलं तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती," ते म्हणाले. "बॉटनी. लग्नात तिच्या वडलांना शब्द दिला होता मी, अमेरिकेत पुढचं शिकवीन म्हणून. मग राहुल झाला. मग आई इथे आली, ती आठ वर्षं अंथरुणावर. निर्मलाच्या वडलांनी पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं." मग ते म्हणाले, "काउंटीच्या सरकारी कॉलेजला एका कोर्सची फी बसते यात. पासष्टनंतर फुकट असतं म्हणे. पण ती एकसष्टची आहे. चार वर्षं कोणी बघितलीत?"

पैसे थेट बँकेत येऊ शकले असते. पण बँकेचा नंबर इंटरनेटवर द्यायला काका मरेपर्यंत तयार झाले नसते, म्हणून आम्ही चेक मागवला. मग सुरू झालं वाट बघणं. नाव नोंदवायची मुदत महिनाअखेरीला संपत होती. काका रोज अकरापासून पत्रपेटीजवळ उभे. बर्फ पडो, वारा सुटो. पोस्टमन त्यांना बघून लांबूनच मान हलवायला लागला. दुपारी ऑफिसात माझा फोन वाजायचा. "आज पण नाही. आता दहाच दिवस राहिले. कोणीतरी पळवला असेल का गं?" हळूहळू ती धास्ती मलाही लागली. फोन वाजला की मी दचकायचे.

आणि ज्या दिवशी दाढ काढायला काका डेंटिस्टकडे गेले, त्याच दिवशी चेक आला. त्यातून तो निघाला काकूंच्या नावाने. फॉर्म भरताना आमच्या दोघांच्याही हे लक्षात आलं नव्हतं. मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. काकू खाली आल्या.

"हे बघ गं, माझ्या नावाने कसला चेक आलाय. मी कुठे काय भरलंय? फसवाफसवीच असणार. फाडून टाकते."

त्यांनी खरंच दोन्ही हातांत धरला होता. मी ओरडलेच, "काकू, नको!" आणि मग सगळं सांगावं लागलं.

मला वाटलं, काकूंचे डोळे भरून येतील. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बॉटनी? मला बॉटनी कधीच आवडली नाही. पानांची चित्रं काढून हात दुखायचे. ती आमच्या बाबांनी घ्यायला लावली होती. आणि आता हे लावणार. मला कोणी विचारलं?"

चेक घेऊन त्या वर निघून गेल्या. जाताना मला बजावलं, "यांना सांगू नकोस. राहू दे थोडे दिवस पत्रपेटीजवळ."

पुढचे चार दिवस माझ्यासाठी फार वाईट गेले. काका मुदतीचे दिवस मोजत होते, आणि मला बोलता येत नव्हतं. पाचव्या दिवशी काकू एकट्या बसने कॉलेजला जाऊन नाव घालून आल्या आणि पावती जेवणाच्या टेबलावर ठेवली. विषय होता पब्लिक स्पीकिंग.

काका धावत खाली आले. आनंद तर दूरच, घाबरून गेले होते. "लोकांसमोर उभं राहून बोलणार म्हणे! ही! मंडळात आभार मानायला सांगितलं तर स्वयंपाकघरात जाऊन बसते. वीस-वीस वर्षांची पोरं. हसतील तिला. मी उगाच हे सुरू केलं."

पहिल्या वर्गाच्या दिवशी त्यांनी मला बरोबर यायला लावलं. "एकटा बसलो की मन नको ते विचार करतं." गाडी मी चालवत होते, काका शेजारी, काकू मागच्या सीटवर, नवी वही मांडीवर घेऊन गप्प. इमारतीच्या दाराशी उतरल्या, आणि मागे न बघता आत गेल्या. आम्ही पार्किंगच्या टोकाला थांबलो.

अर्ध्या तासाने काका समोर बघत म्हणाले, "तुला मी सगळं सांगितलं नाही. राहुल पाच वर्षांचा असताना ती स्वतः कॉलेजचा फॉर्म घेऊन आली होती. भरलेला. फक्त माझी सही राहिली होती, फीसाठीच्या बँकेच्या कागदावर. मी म्हटलं, बघू पुढच्या वर्षी. ती 'बरं' म्हणाली. तेवढंच. त्यानंतर कशालाच नाही म्हणाली नाही, आणि काही मागितलंही नाही." हातातल्या रुमालाची घडी त्यांनी उलगडली, पुन्हा घातली. "घरात मीच बोलत असतो गं. तिचा आवाज कसा होता, ते मला आठवत नाही."

वर्ग सुटला. पोरं भराभर बाहेर पडली. काकू सगळ्यांत शेवटी आल्या, बरोबर दोन मुली. दाराशी तिघी थांबल्या. काकू हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, एकदा कमरेवर हात ठेवून कोणाची तरी नक्कल केली, आणि त्या मुली हसून वाकल्या.

मी हॉर्नकडे हात नेला. काकांनी माझा हात धरला.

"नको. बोलतेय ती."

बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. काकांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली, कानावरचा मफलर मागे सारला आणि तिकडे कान देऊन बसले. इतक्या लांबून एक शब्दही ऐकू येत नव्हता.