पडद्याचा कमरपट्टा

सुभेदार बाबूराव कुणाच्याही घरी गेले की पाणी घेण्याआधी दाराच्या पडद्यापाशी जात. पडदा बाजूला घेऊन बांधलेला असला, तर त्या दोरीत दोन बोटं घालून हिसका देत आणि निकाल सांगत, "ढिलं हाय." एका लग्नघरी या हिसक्याने काठीसकट पडदा वधूपित्याच्या डोक्यावर आला. सुभेदारांनी तो उचलला नाही. निकाल मात्र सांगितला.

मी तेव्हा एका वर्तमानपत्राचा साताऱ्याचा बातमीदार होतो आणि त्यांच्या समोरच्या घरात राहत होतो. लढाई संपली आणि सुभेदार पेन्शनीत येऊन घरी बसले. त्यांच्या घराण्यात गोषा होता. सोपा आणि माजघर यांच्यामधल्या दारावर जाड तांबडा पडदा असे. बाहेर परका पुरुष असला की तो सोडलेलाच ठेवायचा, अशी रीत. त्यांच्या पत्नी वहिनीसाहेब. त्यांचा आवाज मला ओळखीचा होता, चेहरा नव्हता. चहाची कपबशी पडद्याखालून सरकत बाहेर येई.

सुभेदारांच्या आई वारल्यावर वर्षभराने त्यांनी जाहीर केलं की पडदा बांधायचा, आत वारं खेळलं पाहिजे. त्यासाठी लागणाऱ्या दोरीला ते पडद्याचा कमरपट्टा म्हणत. पहिल्यांदा त्यांनी पायाला गुंडाळायची फौजी पट्टी वापरली. मग सांगलीच्या पेठेतून मोराचा पितळी आकडा आणला. तो पारखायला दुकानदाराला दारात गोणपाट टांगायला लावलं होतं. मिरजेहून तंबोऱ्याच्या गवसणीची रेशमी दोरी आली. शेवटी माणच्या एका धनगराकडून काळी लोकरीची दोरी घेतली. "ही मेंढरू सोडत न्हाई," सुभेदार म्हणाले, "पडदा काय सोडंल?"

तिनेही सोडला. सकाळी बांधलेला पडदा कुणी आलं की खाली आलेला असे. सुभेदार दोरी तपासत, तिच्यात खोट काढत आणि नव्या दोरीच्या शोधाला लागत. गल्लीत त्यांची थट्टा होई. ती ते ऐकून घेत.

एका दुपारी मी त्यांच्या सोप्यावर वाट पाहत बसलो होतो. पडदा बांधलेला होता. माझी चाहूल लागली तसा आतून हिरव्या बांगड्यांचा एक हात आला, त्याने आकड्यावरची दोरी अलगद काढली आणि पडदा पडला. थोड्या वेळाने सुभेदार आले. पडद्याकडे बघून म्हणाले, "आकडा बारीक पडतोय."

मी जे पाहिलं ते सांगितलं.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. आवाज खाली आणून पुढे म्हणाले, "दोरीला नावं ठेवली म्हंजे त्यास्नी बोल लागत न्हाई."

मग सरळ सांगत का नाही, असं मी विचारलं.

"हुकूम दिला तर बांधून ठेवतील की. पर हितं माझ्यासंगं बसतील का? उभा जन्म पलटणीत गेला. आता घरी आलोय, तर सोप्यावर सारखं कुणी तरी असतंय, म्हून त्या आत आन् मी भाईर. दिसल्या तर बोलायला काय तरी सुचंल."

त्यानंतर ते आणखी एक गोंडा आणायला फलटणला जाऊन आले. तोही पडला.

थंडीच्या सुरुवातीला त्यांनी मला सकाळीच बोलावून घेतलं. पडदा बांधलेला होता, हातभरच. दोरी नव्हती, गोंडा नव्हता. जुन्या इरकली लुगड्याचा काठ फाडून त्याची साधी गाठ मारलेली होती. माजघरात उंबऱ्यालगत, डोक्यावरून पदर ओढून, कुणीतरी तांदूळ निवडत होतं. अलीकडे भिंतीला टेकून सुभेदार बसले होते. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते.

चहा ठेवू का, असं आतून विचारलं गेलं. सुभेदार ठेवा म्हणाले. त्या उठल्या आणि त्यांचा पदर लागून पडदा हलला. गाठ घसरत चालली होती. मी ती सुभेदारांना दाखवली.

त्यांनी वर पाहिलं, पण हात मांडीखालून काढला नाही.

"घट्ट हाय," ते म्हणाले.